रहस्य-मांगा वाचायला सुरुवात करताय? पहिल्या खंडापासून पहिला गुन्हेगार पकडेपर्यंत

रहस्य-मांगा, म्हणजे जपानी रहस्य-चित्रकथा, कंटाळा आला म्हणून सोडून देणारे कमीच. बहुतेकांच्या हातात पहिलाच खंड चुकीचा आलेला असतो. नाहीतर पानं इतक्या वेगाने उलटलेली असतात, की पुरावा डोळ्यांसमोरून जाऊनही दिसत नाही आणि शेवटी उलगडा झाला की "हे कुठे सांगितलं होतं?" असं वाटत राहतं. सांगितलेलं नसतंच, चित्रात काढलेलं असतं. फास्टर फेणे किंवा फेलूदा वाचताना सगळे दुवे वाक्यांत सापडतात. मांगात निम्मे दुवे चित्रात असतात, त्यामुळे वाचायची सवयच थोडी बदलावी लागते. तेरा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी, आणि त्यांना पुस्तकं आणून देणाऱ्या पालकांसाठी, हा क्रम लिहिला आहे.

आधी हे हाताशी ठेवा

- एक साधी वही आणि पेन्सिल. पेन नको, कारण संशयितांची यादी सतत खोडावी लागते.
- दोन रंगांच्या स्टिकी नोट्स. एक रंग "बघितलेल्या" गोष्टींना, दुसरा "कुणीतरी सांगितलेल्या" गोष्टींना. हा फरक पुढे पाचव्या पायरीत उपयोगी पडेल.
- पुस्तकाच्या पानाएवढा पुठ्ठा. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे उजवं पान वाचत असताना डावं पान उघडंच असतं. गुन्हेगाराचा चेहरा नेमका तिथे असला तर नजर पडल्याशिवाय राहत नाही. डाव्या पानावर पुठ्ठा ठेवून वाचा.
- मोबाइलऐवजी निदान आठ इंची टॅब, डिजिटल वाचणार असाल तर. दोन पानांवर पसरलेलं चित्र मोबाइलवर अर्धं-अर्धं दिसतं, आणि खोलीचा नकाशा नेमका अशाच पानावर असतो.
- प्रकरणांची मालिका असेल तर लागोपाठचे किमान दोन खंड. कारण पहिल्या पायरीत येईलच.

१. मालिकेचा प्रकार ओळखा आणि मगच निवडा

दुकानात "मिस्टरी" म्हणून एकाच फळीवर ठेवलेल्या पुस्तकांचे खरं तर तीन निरनिराळे प्रकार असतात.

पहिला प्रकार प्रकरणांचा. गुन्हा, संशयित, उलगडा, पुढचं प्रकरण. गोशो आओयामा यांची 'डिटेक्टिव्ह कोनान' ही यातली सर्वांत प्रसिद्ध मालिका. जानेवारी १९९४ पासून ती 'शोनेन संडे' साप्ताहिकात येते आहे, २०२१ मध्ये तिचा शंभरावा खंड निघाला आणि ती अजून चालू आहे. शिनइची कुदो हा शाळकरी गुप्तहेर विषामुळे लहान मुलगा होतो आणि घाबऱ्याघुबऱ्या कपाटातल्या पुस्तकांवरची दोन नावं जोडून स्वतःला 'कोनान एदोगावा' असं नाव देतो. त्यातलं एक नाव कॉनन डॉयल यांचं आणि दुसरं जपानी रहस्यकथेचे आद्य लेखक एदोगावा राम्पो यांचं. इंग्रजीत ही मालिका 'केस क्लोज्ड' या नावाने विझ मीडिया काढते.

इथे नवख्यांची हमखास फसगत होते. या मालिकेत प्रकरणांना 'फाइल' म्हणतात आणि एका खंडात साधारण दहा-अकरा फाइली असतात. एका गुन्ह्याला बहुतेकदा तीन ते पाच फाइली लागतात. म्हणजे प्रकरण खंडाच्या मधोमध सुरू होऊन पुढच्या खंडात संपतं. मित्राकडून एकटा मधलाच खंड आणलात, तर सुरुवातीला एका खुनाचा नुसता उलगडा आणि शेवटी दुसऱ्या खुनाचं नुसतं प्रेत, असं पदरात पडू शकतं. म्हणून लागोपाठचे खंड घ्या. शंभराहून जास्त खंड बघून दडपून जायचंही कारण नाही. सगळे वाचायलाच हवेत असं मुळीच नाही. पहिले पाच-सहा वाचून थांबलात तरी जवळजवळ प्रत्येक प्रकरणाचं समाधान पूर्ण मिळतं. शिनइचीला विष देणाऱ्या काळ्या कपड्यांतल्या टोळीचा लांब धागा तेवढा सुटत नाही.

याच प्रकारातली दुसरी मोठी मालिका 'किंदाइची केस फाइल्स'. ती १९९२ मध्ये 'शोनेन मॅगझिन'मध्ये सुरू झाली. चित्रं फुमिया सातो यांची. नायक हाजिमे हा सेइशी योकोमिझो यांच्या कोसुके किंदाइची या गाजलेल्या गुप्तहेराचा नातू दाखवला आहे. कोनानपेक्षा इथली प्रकरणं लांब, जास्त अंधारी आणि बंद जागेतली: बेट, जुना वाडा, बर्फात अडकलेलं हॉटेल. कोडं म्हणून ती मला कोनानपेक्षा कसदार वाटतात. अडचण मिळण्याची आहे. टोकियोपॉपने इंग्रजीत १७ खंड काढले होते, ते आता छापले जात नाहीत, त्यामुळे छापील खंडांसाठी जुन्या पुस्तकांच्या बाजारावरच भिस्त. आणखी एक सावधगिरी: मालिकेच्या दुसऱ्याच प्रकरणात सोजी शिमादा यांच्या १९८१ च्या 'टोकियो झोडिॲक मर्डर्स' या कादंबरीतली मुख्य युक्ती वापरलेली आहे. ती कादंबरी कधीतरी वाचायची असेल तर आधी तीच वाचा. उलट क्रमाने वाचलं तर एका उत्तम कादंबरीची मजा कायमची जाते.

दुसरा प्रकार एकाच लांब कोड्याचा. त्सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता यांची 'डेथ नोट' ही २००३ ते २००६ या काळातली, १२ खंडांत संपलेली मालिका. इथे गुन्हेगार कोण हे पहिल्या पानापासून माहीत असतं. प्रश्न असतो तो कोण कुणाला आधी पकडतो हा. केइ सांबे यांची 'इरेज्ड' आठ मुख्य खंडांची, २०१२ ते २०१६ मधली. २००६ मधला एक तरुण १९८८ मध्ये, स्वतःच्या शाळेच्या दिवसांत जाऊन पडतो आणि होक्काइदोमधल्या मुलांच्या अपहरणाचा छडा लावू बघतो. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' २० खंडांची. अनाथाश्रमातली हुशार मुलं आपल्याच घराचं रहस्य उकलतात. तिचा पहिला भाग, म्हणजे पहिले पाच-एक खंड, डावपेचांसाठी फारच सुरेख आहे. पुढे ती साहसकथेकडे वळते.

तिसरा प्रकार मिश्र. 'द अपॉथेकरी डायरीज'मध्ये चीनसारख्या एका काल्पनिक साम्राज्याच्या राजवाड्यात मावमाव ही औषधं आणि विषं जाणणारी मुलगी लहान-लहान कोडी सोडवते आणि त्यांतून मोठं कारस्थान हळूहळू जुळत जातं. इथला घोटाळा लक्षात ठेवा: मूळ कादंबरीवरून दोन वेगवेगळ्या मांगा-मालिका जपानीत निघतात, दोन वेगळ्या चित्रकारांच्या. स्क्वेअर एनिक्सची इंग्रजी आवृत्ती नेकोकुरागे यांच्या चित्रांची आहे. त्याच नावाची कादंबरीही त्याच फळीवर असते. मागवण्याआधी चित्रकाराचं नाव वाचा.

पहिल्यांदाच वाचणार असाल तर माझा सल्ला असा: कोडी सोडवायची हौस असेल तर कोनानचे पहिले तीन खंड, आणि एक गोष्ट सुरू करून संपवायची असेल तर 'इरेज्ड'. 'डेथ नोट' सगळे सुचवतात. पण तिथे वाचकाने सोडवायचं फारसं काही नाही, बघत राहायचं आहे. ती पुढे कधीही वाचता येईल.

२. वयाची खूण मागच्या पानावर बघा

"शोनेन म्हणजे मुलांसाठी, मग काही हरकत नाही" हा पालकांचा नेहमीचा गैरसमज. शोनेन (मुलगे), शोजो (मुली), सेइनेन (तरुण पुरुष) हे शब्द कुणासाठीच्या मासिकात मालिका आली ते सांगतात, आत किती रक्त आहे ते नाही. त्यासाठी इंग्रजी आवृत्तीच्या मागच्या पानावरची खूण बघायची. विझच्या पुस्तकांवर 'टी' म्हणजे तेरा वर्षांपुढे, 'टी प्लस' म्हणजे सोळाच्या आसपास आणि पुढे, 'एम' म्हणजे प्रौढांसाठी. इतर प्रकाशकांच्या खुणा थोड्या वेगळ्या असतात, पण वय आकड्यात दिलेलं असतं.

खुणेवरून सगळं कळत नाही, म्हणून नेमकं काय येतं ते सांगून ठेवतो. कोनान जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलंही वाचतात, तरी जवळजवळ प्रत्येक प्रकरणात खून आहे आणि पहिल्याच खंडात रोलर-कोस्टरवर शिरच्छेद आहे. 'इरेज्ड'मध्ये लहान मुलीला घरात होणारी मारहाण दाखवली आहे. कोवळ्या मनाच्या मुलांना खुनापेक्षा तेच जड जातं. 'अपॉथेकरी'मधली नायिका कुंटणखान्यांच्या वस्तीत वाढलेली आहे आणि गोष्ट राजाच्या अंतःपुरात घडते. किंदाइचीत फाशी, तुकडे केलेली प्रेतं आणि सूड नित्याचे. नाओकी उरासावा यांची 'मॉन्स्टर' ही १८ खंडांची थोर रहस्यकथा आहे, पण ती मोठ्यांच्या मासिकात आलेली. अठराच्या अलीकडे घाई नको.

३. आवृत्ती तपासून मगच पैसे द्या

मराठीतून वाचायची सोय नाही, त्यामुळे इंग्रजी आवृत्तीच घ्यावी लागते. इंग्रजी सोपं असतं. सातवी-आठवीतल्या मुलाला शब्दकोश क्वचितच लागतो. घोळ होतो तो आवृत्त्यांचा.

खंडांचे आकडे जुळत नाहीत. 'इरेज्ड' इंग्रजीत दोन-दोन खंड एकत्र बांधून निघाली आहे: चार जाड पुस्तकांत मुख्य कथा, पाचव्यात पूरक गोष्टी. 'डेथ नोट' तर तीन रूपांत मिळते: सुटे १२ खंड, 'ब्लॅक एडिशन'ची सहा पुस्तकं, आणि सुमारे २४०० पानांचं एकच अवजड पुस्तक. ते एकच पुस्तक स्वस्त पडतं, पण हातात धरून वाचता येत नाही, टेबलावरच ठेवावं लागतं. एका रूपात सुरुवात केली की शेवटपर्यंत तेच घ्या, नाहीतर काही भाग दोनदा विकत घ्याल आणि काही राहून जातील.

'डेथ नोट'चा तेरावा खंड 'हाऊ टू रीड' या नावाचा आहे. नावावरून तो सुरुवातीला वाचायचा असं वाटतं. मुळीच नाही! ती सगळी मालिका वाचून झाल्यावरची माहितीपुस्तिका आहे, आणि तिच्यात लपवलेली नावं आणि शेवट सगळं उघड केलेलं आहे. भेट म्हणून संच देणाऱ्यांनी हा खंड वेगळा काढून ठेवावा.

नावंही बदलतात. विझच्या 'केस क्लोज्ड'मध्ये शिनइची हा जिमी आहे, त्याची मैत्रीण रान ही रेचल, तिचे वडील कोगोरो हे रिचर्ड मूर आणि ओसाकाचा हेइजी हा हार्ले. ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका, जपानी आवाजात बघितलेल्या मुलांचा पहिल्या वीस पानांत गोंधळ उडतो. वहीच्या पहिल्या पानावर जोड्या लिहून ठेवा.

डुप्लिकेट कॉपी ओळखायला शिका. फुटपाथवर आणि ऑनलाइनही त्या सर्रास मिळतात. किंमत निम्म्याहून कमी, कागद पातळ किंवा अति पांढरा, पाठीची अक्षरं मध्यभागी नसतात, बारकोडजवळची छपाई फुटकी. एरवी कुणी म्हणेल, गोष्ट तर तीच आहे ना. रहस्य-मांगाच्या बाबतीत ती तीच राहत नाही. स्कॅन करताना पानांच्या कडा कापल्या जातात आणि काळा रंग पसरतो. कोपऱ्यातलं घड्याळ कापलं गेलं किंवा अंधाऱ्या खोलीतली खुर्ची काळ्या डागात बुडाली, की कोडं सुटण्यासारखं राहतच नाही. पैसे कमी असतील तर तीन-चार मित्रांनी मिळून एक मालिका विभागून घ्यावी, ते परवडतं. विझच्या शोनेन जंप ॲपची वर्गणी भारतातून घेता येते. शुएइशाच्या मांगा प्लस ॲपवर बऱ्याच मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट असतात. ताजी तीन उघडू नका, तिथे शेवट फुटतो. कुठलंही ॲप घेण्याआधी आपल्याला हवी ती मालिका भारतातून उघडते का, ते तिथे शोधून बघा.

जुन्या बाजारातून घेताना एक गोष्ट बघा. २००० च्या आधीच्या पुष्कळ इंग्रजी मांगा आरशातल्यासारख्या उलट्या छापलेल्या असत, म्हणजे डावीकडून उजवीकडे वाचता याव्यात म्हणून. त्यात उजवखोरा माणूस डावखोरा होतो आणि घड्याळ दुसऱ्या मनगटावर जातं. रहस्यकथेत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. पुस्तकाची पाठ डावीकडे आणि मुखपृष्ठ आपल्या नेहमीच्या पुस्तकासारखं असेल, तर परत ठेवा.

४. पान वाचायचा क्रम अंगवळणी पाडा

पुस्तक आपल्या दृष्टीने मागून उघडायचं. प्रत्येक पानावर उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात, उजवीकडून डावीकडे, मग खालची ओळ. चौकटीच्या आतले संवादांचे फुगेही याच क्रमाने. दोन माणसं बोलत असतील तर उजवीकडच्याचा प्रश्न आधी आणि डावीकडच्याचं उत्तर नंतर. उलटं वाचलं तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो, आणि जबानीचा अर्थच फिरतो.

उंच उभी चौकट आणि तिच्या शेजारी दोन छोट्या चौकटी एकावर एक असतील तर? उभी चौकट उजवीकडे असेल तर ती आधी, मग डावीकडच्या दोन वरून खाली. उभी डावीकडे असेल तर उजवीकडच्या दोन्ही संपवून मग ती. शंका आली तर चौकटींमधली पांढरी फट बघा. जी फट आडवी सरळ पूर्ण पानभर जाते, तिच्या वरचं सगळं आधी संपवायचं.

आणखी काही संकेत. चौकटींमधली फट पांढरीऐवजी काळी असेल, तर बऱ्याच मांगांत ते भूतकाळाचं चित्र असतं. टोकदार कडांचा फुगा म्हणजे ओरडणं. शेपटी नसलेला किंवा ढगासारखा फुगा म्हणजे मनातला विचार, आणि तो इतर पात्रांनी ऐकलेला नसतो. "त्याला हे कसं कळलं?" हा प्रश्न पुष्कळदा इथेच सुटतो. कोनानमध्ये उलगड्याआधी गुन्हेगार दाखवायचा असला की तो सबंध काळ्या आकृतीत काढतात, डोळे आणि दात तेवढे पांढरे. त्या आकृतीवरून उंची, बांधा, बाई की पुरुष, काहीही ठरवू नका. तो संकेत आहे, वर्णन नाही.

५. वही उघडा आणि उलगड्याच्या आधी थांबा

खरी मजा इथे आहे, म्हणून या पायरीला घाई करू नका.

प्रेत सापडलं की वहीत तीन गोष्टी काढा. खोलीचा ढोबळ नकाशा: दारं, खिडक्या, कोण कुठे उभं. मग वेळांची उभी पट्टी. मग संशयितांची नावं, प्रत्येकापुढे एकच रकाना: "हे कुणी पाहिलं?" संशयित सहसा तीन ते पाच असतात. सगळ्यांत जास्त रडणारा किंवा सगळ्यांत जास्त भांडणारा यांच्यावर लगेच खूण करू नका, लेखकाने त्यांना त्यासाठीच ठेवलेलं असतं.

आता स्टिकी नोट्स. मांगातली चित्रं दोन तऱ्हेची असतात. आत्ता घडताना दाखवलेलं चित्र खोटं नसतं. लेखक ते अपुरं दाखवेल, पण चुकीचं दाखवणार नाही. मात्र एखादं पात्र पोलिसांना सांगत असतं, "मी तेव्हा स्वयंपाकघरात होते," आणि सोबत स्वयंपाकघराचं चित्र येतं, तेव्हा ते चित्र म्हणजे तिचं सांगणं आहे. ते खोटं असू शकतं. नवखे वाचक तिथेच फसतात, कारण चित्र बघितलं की मनाला ते घडलेलं वाटतं. म्हणून दोन रंग.

उदाहरण घेऊ. समजा, एका खोलीत लेखक मरून पडला आहे, हातात पेन, टेबलावर कबुलीची चिठ्ठी. दार आतून बंद. पहिल्या पानावर तो जिवंत असताना चहा पितो आहे, कपाचा कान डावीकडे आणि बोटं डाव्या हाताची. ही चौकट लहान आहे, संवाद दुसऱ्याच विषयावर. बारा पानांनंतर प्रेताच्या चित्रात पेन उजव्या हातात आहे. मधल्या एका चौकटीत नुसती शाईची बाटली आहे, एकही फुगा नाही. इथे काय लिहायचं? एक, पेन कुणीतरी नंतर हातात दिलं. दोन, ज्याने दिलं त्याला हा माणूस डावखोरा आहे हे माहीत नव्हतं. म्हणजे घरचा माणूस किंवा जुना नोकर यादीतून खाली जातो आणि नुकताच ओळखीचा झालेला वर येतो. तीन, शाईची बाटली. ती का दाखवली ते अजून कळत नाही, म्हणून तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. संवाद नसताना एखाद्या वस्तूला स्वतंत्र चौकट मिळाली असेल, तर ती वस्तू पुढे परत येणार असं धरून चालावं. दर आठवड्याला सुमारे अठरा पानं काढणारा चित्रकार उगाच बाटली काढत बसत नाही.

चित्रकाराची चूक आणि दुवा यांत फरक कसा करायचा? मागच्या गर्दीत कुणाचा टाय एकदा दिसला आणि एकदा नाही, तर ती बहुधा चूक. पुढच्या माणसाच्या हातातली वस्तू दोन वेगळ्या पानांवर बदलली, तर दुवा.

थांबायचं कुठे? कोनानमध्ये ते बहुतेकदा ठरलेलं असतं. कोनान मनगटी घड्याळातून भुलीची सुई मारून कोगोरोला झोपवतो आणि त्याच्या आवाजात बोलायला लागतो. सुई सुटली की पुस्तक मिटा. त्या क्षणापर्यंत सगळे दुवे येऊन गेलेले असतात. किंदाइचीत हाजिमे "सगळं कोडं सुटलं" असं जाहीर करतो, तिथे थांबा. आता मागे जाऊन प्रकरणाची पानं पुन्हा चाळा, या वेळी संवाद न वाचता, नुसती चित्रं. मग वहीत तीन ओळी लिहा: कोणी, कसं, कशावरून. "का" सोडून द्या. गुन्ह्यामागचं कारण बऱ्याचदा उलगड्यानंतरच सांगतात आणि ते आधी ओळखता येत नाही. नाव बरोबर आलं पण "कशावरून" कोरं राहिलं, तर तो अंदाज, उत्तर नव्हे.

दोऱ्याने बाहेरून कडी लावायची युक्ती वाचली तर घरच्या दारावर जाड सुतळी घेऊन जरूर करून बघा. चित्रात सोपी दिसणारी गोष्ट दोरा कुठे अडकतो ते कळल्यावरच नीट समजते. वीज, विस्तव, औषधं किंवा गळ्याभोवतीचा दोर यांतलं काहीही असेल तर मात्र कागदावरच.

६. जपानी तपशील, ज्यांच्यावर कोडं अडतं

मजले. जपानमध्ये तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. "खून दुसऱ्या मजल्यावर झाला" म्हणजे आपल्या हिशेबाने पहिल्यावर. खिडकीतून उडी मारता आली असती का, हा प्रश्न असेल तर यानेच उत्तर बदलतं.

खिडक्या. जपानी घरांत सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतात आणि मध्यभागी अर्धचंद्राच्या आकाराची फिरणारी कडी. बंद खोलीच्या कितीतरी युक्त्या ही कडी बाहेरून दोऱ्याने फिरवण्यावर आहेत. आपल्याकडची कडी-कोयंडा किंवा बोल्ट डोक्यात धरला तर युक्ती कळतच नाही.

रेल्वे. तिथे गाडी वेळेवर येते असं धरूनच कोडं रचलेलं असतं. वेळापत्रकाच्या आधारे रचलेला अॅलिबाय, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हा दाखला, हा जपानी रहस्यकथेतला एक स्वतंत्र प्रकारच आहे. "लोकल उशिरा आली असेल" हा मुंबईकराचा सहज विचार तिथे बाद.

सालं. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीवरूनही सालं मोजतात. चिठ्ठीवर किंवा जुन्या फोटोवर 'शोवा ५५' असं दिसलं तर शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवा, म्हणजे १९८०. हेइसेइमध्ये १९८८ आणि रेइवामध्ये २०१८ मिळवायचे.

कायदा. जुन्या प्रकरणांत "अजून दोन दिवसांत मुदत संपते" अशी घाई दिसते. जपानमध्ये पूर्वी खुनाचा खटला १५ वर्षांच्या आतच भरता येत असे. २००५ मध्ये ही मुदत २५ वर्षं झाली आणि २०१० मध्ये खुनासाठी ती रद्दच झाली. 

काही बाबतीत आपण अमेरिकी वाचकांच्या पुढे आहोत. जपानमध्येही गाड्या डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजवीकडे बसतो, चपला-बूट दाराशी काढतात. गाडीतून कोण कुठल्या बाजूने उतरलं किंवा दाराशी एक जोड जास्त का आहे, हे आपल्याला न सांगता कळतं.

शेवटचा अडथळा शब्दखेळाचा. मरणाऱ्याने लिहून ठेवलेला संदेश जपानी अक्षरांच्या दोन उच्चारांवर बेतलेला असेल, तर जपानी न येणाऱ्याला तो सुटणं शक्य नाही. अशा वेळी अनुवादकाची टीप वाचून पुढे जा, स्वतःला गुण कापू नका.

७. शेवट फुटू देऊ नका

मालिकेचं नाव शोधपट्टीत टाकलं की पुढचे सुचवलेले शब्दच गुन्हेगार सांगतात. पात्राचं नाव कधीच शोधू नका. चाहत्यांच्या विकी पानांवर पहिल्याच ओळीत "मृत" लिहिलेलं असतं. व्हिडिओंच्या चित्रांवर शेवटचा प्रसंग असतो. पुढच्या खंडांच्या सुरुवातीला "आतापर्यंत काय घडलं" आणि पात्रपरिचय असतो, म्हणून मधला खंड सहज चाळायला घेऊ नका. मित्रांच्या गटात एकच नियम पुरतो: बोलण्याआधी "तू कितव्या खंडावर आहेस?" असं विचारायचं.

८. जपानी शिकत असाल तर

पुण्या-मुंबईत जपानीच्या परीक्षा देणारी पुष्कळ मुलं आहेत, त्यांच्यासाठी. शोनेन मासिकांतल्या मालिकांत प्रत्येक कांजीच्या (चिनी वळणाच्या चित्राक्षराच्या) शेजारी छोट्या अक्षरांत उच्चार छापलेला असतो, मोठ्यांच्या मासिकांतल्या मालिकांत सहसा नसतो. म्हणून मूळ जपानीत वाचायला कोनान सोयीचा, 'मॉन्स्टर' नाही. जपानीच्या परीक्षेतल्या एन४ पातळीची तयारी झाली की पहिला खंड हळूहळू जमतो. आधी एवढे शब्द पाठ करा: हान्निन म्हणजे गुन्हेगार, हिगाइशा म्हणजे बळी, शोओको म्हणजे पुरावा, दोओकी म्हणजे गुन्ह्याचं कारण, क्योओकी म्हणजे हत्यार, मिश्शित्सू म्हणजे बंद खोली. अॅलिबायला आरिबाइच म्हणतात. इंग्रजीतून सोडवलेलं प्रकरणच जपानीतून परत वाचा. उत्तर माहीत असल्यामुळे लक्ष भाषेकडे राहतं आणि शब्दखेळाचे जे दुवे इंग्रजीत टीपेवर सोडून द्यावे लागले होते, ते इथे स्वतः सोडवता येतात.